आयएसएल २०२३-२४ : दोन चषक, सात लाल कार्डं आणि आझाद नगर मेट्रो

हंगाम संपला, पाऊस लागला, मैदानं चिखलात गेली. मुंबई सिटीच्या बिपिन सिंगचा फुटबॉल फायनलमधला गोल मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघून झाला. आता हिशेब मांडायला हरकत नाही. अकाउंट्समध्ये नोकरी असल्यामुळे कुठलीही गोष्ट जमा-खर्च पाहिल्याशिवाय बंद करता येत नाही, हा माझा दोष समजा. सप्टेंबर २०२३ ते मे २०२४ असा इंडियन सुपर लीगचा (आयएसएल, देशातली फुटबॉल लीग) दहावा हंगाम मी कधी अंधेरीच्या मैदानावर आणि बाकी मोबाइलवर पाहिला. त्यात पैसे, वेळ आणि घसा किती गेला आणि बदल्यात काय मिळालं, ते लिहिते.

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेत वाढलेली. म्हणजे फुटबॉल मला टीव्हीने शिकवलेला नाही. पाटाकडील विरुद्ध दिलबहार किंवा खंडोबा विरुद्ध शिवाजी तरुण अशी मॅच असली की बाबा दुपारचं जेवण उरकून शाहू स्टेडियम गाठायचे आणि रात्री घरात मॅचची पुन्हा सगळी उजळणी व्हायची. तिथे संघ म्हणजे आपली पेठ, आपली तालीम. गोलकीपर चुकला तर तो दुसऱ्या दिवशी दुधाच्या डेअरीवर भेटायचा आणि लोक त्याला विचारायचे, काय रे, काय झालं काल? लग्नानंतर गोरेगावला आले आणि हे सगळं सुटलं. मुंबई सिटी एफसी ही माझ्यासाठी बरीच वर्षं दुधाची तहान ताकावर होती. भाच्याला फुटबॉलचं वेड लागलं आणि त्याच्या निमित्ताने मीही पुन्हा स्टँडमध्ये बसायला लागले.

आधी मैदान. अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात, वीरा देसाई रोडवर, मुंबई फुटबॉल अरेना आहे. मेट्रोच्या वर्सोवा-घाटकोपर मार्गावर आझाद नगरला उतरायचं आणि चालत जायचं. मॅचच्या दिवशी रिक्षाच्या भानगडीत पडू नका. क्षमता जेमतेम सात हजारांच्या आसपास. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम डोळ्यांपुढे ठेवलं तर हे अगदीच चिमुकलं वाटेल, पण हीच त्याची मजा आहे. मैदान इतकं जवळ की मुंबईचा डिफेंडर तिरी आपल्या बॅकलाइनवर ओरडायचा ते ऐकू यायचं, बूट बॉलला लागल्याचा ठोका ऐकू येतो. उत्तरेच्या स्टँडमध्ये वेस्ट कोस्ट ब्रिगेड या चाहत्यांच्या गटाची पोरं ढोल घेऊन नव्वद मिनिटं उभी असतात. शांतपणे बसून बघायचं असेल तर त्यांच्यापासून दूरचं तिकीट घ्या. मला त्यांच्या जवळचं आवडतं, कारण कोल्हापूरची सवय. फक्त त्यांच्यात एक फरक आहे. ते खेळाडूंची नावं गात असतात. आमच्याकडे नावाआधी दोन-तीन विशेषणं असतात, ती इथे लिहिता येत नाहीत.

आता २० डिसेंबरची रात्र. या एका मॅचसाठी अख्ख्या हंगामाचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन, आणि त्याच मॅचने या लीगची लायकीही दाखवली. मुंबई सिटी विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. बुधवार, रात्री आठची मॅच, भाच्याची दुसऱ्या दिवशी शाळा, त्यामुळे त्याच्या आईचे दोन फोन मैदानात शिरायच्या आधीच येऊन गेले होते. तेराव्या मिनिटाला आकाश मिश्राला लाल कार्ड. आम्ही अजून भेळेचा कोन नीट उघडलाही नव्हता. मुंबई दहा जणांवर. पंचविसाव्या मिनिटाला बागानला पेनल्टी, जेसन कमिंग्सने गोल केला. शेजारचे एक काका म्हणाले, "झालं, चला घरी." हाफटाइमच्या तोंडावर मुंबईच्या ग्रेग स्ट्यूअर्टने बरोबरी साधली आणि तेच काका उभं राहून अनोळखी माणसाला मिठ्या मारत होते.

दुसऱ्या हाफमध्ये बागानच्या आशिष रायला लाल, लगेच चार मिनिटांत लिस्टन कुलासोला लाल. आता मुंबईचे दहा आणि बागानचे नऊ. मैदान अचानक केवढं तरी मोठं दिसायला लागलं. माणसं कमी झाली की फुटबॉल कसा उघडा पडतो ते त्या अर्ध्या तासात बघितलं. पास द्यायला जागाच जागा, पण पळणाऱ्याच्या पायात गोळे. ७३व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला, २-१. मग स्ट्यूअर्टलाही लाल. शिट्टी वाजली, आम्ही जिन्याकडे वळलो आणि मागे पुन्हा गोंधळ. खेळाडू एकमेकांच्या अंगावर, राखीव खेळाडू आत, रेफ्री राहुल गुप्तांच्या हातात पुन्हा कार्ड. मॅच संपल्यावर अजून तीन लाल : मुंबईचे विक्रम प्रताप आणि राहुल भेके, बागानचा हेक्टर युस्ते. एकूण सात. मेट्रोच्या फलाटावर लोक मोबाइल काढून आकडा पडताळत होते. "सहा ना?" "नाही, सात, युस्तेलापण दिलंय." भाचा म्हणाला, "मावशी, ही बेस्ट मॅच होती." मी त्याला म्हटलं, बेस्ट नव्हती, पण आयुष्यभर सांगशील अशी होती.

आता याच्यातला खर्चाचा भाग. २०२३-२४ च्या या लीगमध्ये व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासायची सोय, नव्हती. कोट्यवधींचे परदेशी खेळाडू आणायचे, ड्रोनने शूटिंग करायचं आणि पेनल्टी होती की नव्हती हे मात्र एका माणसाच्या नजरेवर सोडायचं. रेफ्रींना शिव्या देणं मला पटत नाही, आमच्या शाहू स्टेडियमवर तो उद्योग पुरेसा झालेला आहे. पण ज्या खेळाचा निकाल दीड मिनिटात सोशल मीडियावर हजारो लोक स्लो मोशनमध्ये तपासतात, त्या खेळाच्या रेफ्रीला तीच चित्रं बघायला मिळू नयेत, हे हास्यास्पद आहे. प्रत्येक मॅचनंतर कोच चिडलेला, चाहते चिडलेले आणि रेफ्री एकटा.

त्यानंतरचा जानेवारी कोरडाच गेला. एशियन कपसाठी लीग महिनाभर थांबली. कतारमध्ये भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून हरला, एकही गोल न करता. त्यावर मी काही लिहीत नाही, जखमेवर मीठ नको. सुट्टीआधी वर असलेला केरळा ब्लास्टर्स सुट्टीनंतर घसरत पाचव्यावर आला, कारण एड्रियन लुना जखमी होता आणि त्याच्याशिवाय त्या संघाला बॉल पुढे न्यायचा कुणी हे ठरेना. तरी त्यांच्या दिमित्रिऑस दियामांताकोसने १३ गोल मारून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट नेला. मुंबईचा कोच डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्येच इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेला होता. हंगाम अर्ध्यावर सोडून गेल्याचा मला राग होता, पण मे महिन्यात त्याने ऑक्सफर्डला वेम्ब्लीवर प्लेऑफ जिंकून वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं, तेव्हा राग ओसरला. त्याच्या जागी चेक कोच पेत्र क्रात्की आला. जानेवारीत स्ट्यूअर्टही क्लब सोडून गेला. कागदावर बघाल तर मुंबईचा हंगाम तिथेच संपायला हवा होता.

संपला नाही याचं श्रेय मी मिझोरमला देते. हे कुणी ठळकपणे सांगत नाही. क्लब म्हणतो 'आमची सिटी', पण त्या सिटीचं इंजिन लालियानझुआला छांगटे, आपुइया आणि वालपुइया हे मिझोरमचे. गोलात फुर्बा लाचेनपा सिक्कीमचा, ज्याला सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लोव्ह मिळाला. बिपिन मणिपूरचा. परळ-लालबागचा, नागपाड्याचा किंवा कोल्हापूरचा पोरगा शोधायला गेलं तर राहुल भेके आणि जयेश राणे यांच्यापुढे यादी फारशी सरकत नाही. भेके मुंबईचाच. २०१९ मध्ये याच अंधेरीच्या मैदानावर बंगळुरूकडून खेळताना त्याने एक्स्ट्रा टाइममध्ये गोव्याविरुद्ध गोल मारून फायनल जिंकून दिली होती, आपल्याच गावात, दुसऱ्याच्या जर्सीत. यंदा तो मुंबईचा कॅप्टन होता. कोल्हापुरात दर वर्षी एवढी पोरं जीव तोडून खेळतात, त्यातलं एखाद-दुसरंच इथपर्यंत का पोचतं, हा प्रश्न मी दर मॅचला विचारते आणि भाचा दर मॅचला म्हणतो, "मावशी, आता मॅच बघ."

खालच्या अर्ध्याबद्दल लवकर आटपते, कारण तिथे बघण्यासारखं फार नव्हतं, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. हैदराबाद एफसी, २०२१-२२ चा चॅम्पियन, पैशाच्या अडचणीत सापडला, परदेशी खेळाडू निघून गेले, उरलेल्या तरुण पोरांनी २२ मॅचमध्ये फक्त एक जिंकली. त्यांची मेहनत बघून वाईट वाटत होतं. पण तळाला राहून त्यांचं काय बिघडलं? काही नाही. खाली जाणं तेव्हा या लीगमध्ये नव्हतंच. वर यायचं दार मात्र उघडलं होतं : पंजाब एफसी खालच्या पायरीची आय-लीग जिंकून यंदा वर आला, पुढच्या हंगामासाठी मोहमेडन स्पोर्टिंगचंही ठरलं. वर जाता यायचं, खाली पडता यायचं नाही, असला जिना मी कुठे पाहिला नाही. शेवटच्या महिन्यात दहाव्या आणि बाराव्या क्रमांकाच्या संघांची मॅच लावून बघा, दोन्हीकडचे खेळाडू सुट्टीचं बुकिंग झाल्यासारखे खेळत असतात. पडायची भीती नसली की शेवटच्या पंधरा मिनिटांत कुणी जीव टाकत नाही.

वरच्या अर्ध्यात मात्र जे घडलं ते कुणाला लिहून सुचलं नसतं. या हंगामात लीगला दोन बक्षिसं होती. २२ मॅचनंतर तक्त्यात पहिला येईल त्याला शील्ड, आणि मग पहिल्या सहांच्या प्लेऑफमधून चषक. एकाच लग्नाचे दोन मुहूर्त काढल्यासारखा हा प्रकार आहे. खरं लग्न कुठलं, यावरून दोन्हीकडचे पाहुणे भांडतात. माझं मत स्पष्ट आहे : सात महिने सगळ्यांशी दोनदा खेळून जो पहिला येतो तो चॅम्पियन. आणि हे मी मुंबईची असून म्हणतेय, कारण यंदा शील्ड आमच्या हातातून गेली.

१५ एप्रिल, सोमवार, सॉल्ट लेक. मुंबईचे ४७ गुण, बागानचे ४५, शेवटची मॅच, आम्हाला बरोबरी पुरे होती. साठ हजारांवर लोक. लिस्टन कुलासोने पहिल्या हाफमध्ये गोल केला. डिसेंबरात लाल कार्ड घेऊन मान खाली घालून बाहेर गेलेला हाच तो गोव्याचा पोरगा. ८०व्या मिनिटाला कमिंग्सने दुसरा. छांगटेने शेवटी एक परत केला, बागानच्या ब्रेंडन हॅमिलला लाल कार्डही मिळालं, पण वेळ पुरला नाही. बागान ४८ गुणांवर पहिला. कोच जुआन फेरांडोला काढून जानेवारीत आणलेल्या अंतोनिओ लोपेझ हबासने आठवणीतला जुना हबास दाखवला : आधी दार बंद करायचं, मग समोरच्याची चूक होईपर्यंत थांबायचं. मला तो खेळ बघायला आवडत नाही. पण गुणतक्ता माझ्या आवडीवर चालत नाही.

मग सेमीफायनल, गोव्याशी, फातोर्ड्याला. ऑफिसात माझ्या हाताखाली मडगावचा एक पोरगा आहे. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांवर एफसी गोवा २-० पुढे होता, ८८वं मिनिट चालू होतं, आणि त्याचा मेसेज आला : "मॅडम, चार मेची रजा मंजूर करा, फायनलला जायचंय." मी उत्तर टाइप करेपर्यंत ९०व्या मिनिटाला छांगटेने गोल मारला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रतापने दुसरा. ९०+६ ला पुन्हा छांगटे. ३-२. अहो, अख्खी मॅच हरून सात मिनिटांत जिंकली. गोव्याचे कोच मनोलो मार्केझ यांनी हंगामभर काय सुंदर संघ बांधला होता, आणि त्या सात मिनिटांत त्यांच्या डिफेन्सला घरचा रस्ता सापडेना. दुसऱ्या लेगला, म्हणजे परतीच्या मॅचला, अंधेरीत मुंबईने २-० ने काम संपवलं. रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला नाही.

फायनल मी घरी बघायला हवी होती. भाच्याचा हट्ट म्हणून मोठ्या स्क्रीनसाठी आमच्या भागातल्या एका हॉटेलात गेलो, 'लाइव्ह स्पोर्ट्स' असा बोर्ड बघून. आत सगळ्या स्क्रीनवर आयपीएल, बंगळुरू विरुद्ध गुजरात. वेटरला म्हटलं, फुटबॉलची फायनल आहे, मुंबईची आहे. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, मुंबईची मॅच आज नाही." बऱ्याच विनवण्यांनंतर काउंटरवरचा छोटा टीव्ही मिळाला, आवाज बंद. बिलात मात्र 'स्क्रीनिंग चार्ज' पूर्ण लागला, त्यावर सर्व्हिस चार्ज वेगळा. अशा ठिकाणी जाण्याआधी फोन करून कुठली मॅच लावणार ते विचारा, आणि शुल्क किती तेही. जिओसिनेमावर सगळा हंगाम फुकट होता. दोन माणसांत एक मोबाइल घेऊन घरी बसलो असतो तर पैसे वाचले असते.

तरी मॅच बघितली, मुक्याने. सॉल्ट लेकला ६२,००७ प्रेक्षक, त्यातले बहुतेक सगळे हिरव्या-मरून रंगात. ४४व्या मिनिटाला कमिंग्सने गोल केला आणि आम्ही दोघं पनीर चिलीकडे बघत राहिलो. ५३व्या मिनिटाला होर्हे पेरेरा दियाझने बरोबरी केली. ८१व्या मिनिटाला बिपिन. हा माणूस मोहन बागानचा कर्दनकाळ आहे. २०२१ च्या फायनलमध्ये नव्वदाव्या मिनिटाला यांच्याच विरुद्ध विजयी गोल, डिसेंबरच्या सात लाल कार्डांच्या मॅचमध्ये विजयी गोल, आणि आता हा. भाचा खुर्चीवर चढला. आयपीएल बघणारे काही लोक मागे वळून बघायला लागले, एकाने विचारलंही, "कोण खेळतंय?" इंज्युरी टाइमच्या सातव्या मिनिटाला स्लोव्हाकियाच्या याकुब वोयतुशने तिसरा मारला तेव्हा काउंटरवरच्या टीव्हीसमोर दहा-बारा जण उभे होते, वेटरसकट. ३-१. भेकेने चषक उचलला. एकाच मैदानावर, तीन आठवड्यांच्या आत, त्याच दोन संघांनी एकमेकांची बक्षिसं वाटून घेतली.

लीगबाहेरची एक नोंद. मुंबईने याच हंगामात आशियातल्या क्लबांची एएफसी चॅम्पियन्स लीगही खेळली, बहुतेक घरच्या मॅच पुण्यात बालेवाडीला. कोल्हापूरहून माझा भाऊ इराणच्या नस्साजीविरुद्धची मॅच बघायला बालेवाडीला आला होता, ०-२ हरलो. नेमारच्या अल-हिलालची मॅच नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला झाली, पण नेमार गुडघ्याच्या दुखापतीमुळे आलाच नाही. सहाच्या सहा मॅच हरलो. आपली लीग आशियात कुठे उभी आहे ते कळायला तेवढ्या मॅच पुरेशा होत्या, म्हणून मला त्या पैशांचं वाईट वाटलं नाही. भाऊ मात्र अजून पेट्रोलचा हिशेब सांगतो.

तारे द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. एक कापला व्हीएआरसाठी, अर्धा तळाच्या निर्जीव मॅचसाठी. मैदानावर जाऊन बघणाऱ्याला माझ्याकडून चार. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर उशिराच्या मॅचपेक्षा शनिवार-रविवारची संध्याकाळची बघा, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या शाळेवरून घरात लीगपेक्षा मोठी मॅच होते. पावसाळ्यानंतर अंधेरीत उकाडा भयंकर असतो, सुती कपडे घाला.

आणि जर्सी घेणार असाल तर मागे नाव कुणाचं टाकायचं याचा नीट विचार करा. चषक उचलून फार दिवस झाले नाहीत तोवर भेके, दियाझ आणि नोगेरा तिघेही बंगळुरूला गेले, आपुइया तर थेट मोहन बागानला. आमच्या घरात दियाझचं नाव असलेली जर्सी आहे आणि भाचा ती आता फक्त झोपताना घालतो. पुढची छांगटेच्या नावाची घ्यायची ठरलीय, पण ऑगस्ट संपेपर्यंत थांबून.